द्रोग्बाने युद्ध थांबवले नाही

१/
“एका फुटबॉलपटूने टीव्हीवर गुडघे टेकले आणि यादवी युद्ध थांबले.” विश्वचषक जवळ आला की आयव्हरी कोस्टचा आघाडीवीर दिदिएर द्रोग्बा याच्याविषयीचे हे वाक्य पुन्हा फिरू लागते. छायाचित्र हृद्य आहे आणि खेळाडू खरोखर थोर आहे. निष्कर्ष मात्र असत्य आहे. या असत्याने नेमके काय झाकले जाते, ते या थ्रेडमध्ये.

२/
आधी निर्विवाद भाग. ८ ऑक्टोबर २००५. सुदानमधील ओमदुरमान. विश्वचषक पात्रतेचा अखेरचा सामना आयव्हरी कोस्टने ३-१ असा जिंकला. त्याच वेळी याउंदेत कॅमेरूनला इजिप्तने १-१ असे बरोबरीत रोखले. अखेरच्या क्षणी मिळालेली पेनल्टी कॅमेरूनने दवडली. आयव्हरी कोस्ट प्रथमच विश्वचषकास पात्र ठरला.

३/
ड्रेसिंग रूममध्ये कॅमेरा सुरू होता. सहकाऱ्यांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या द्रोग्बाने माइक हाती घेतला. उत्तर, दक्षिण, मध्य, पश्चिम अशा सर्व भागांतील लोक एका ध्येयासाठी एकत्र नांदू शकतात, असे तो म्हणाला. मग सारा संघ गुडघ्यांवर आला. एकमेकांना क्षमा करा, शस्त्रे खाली ठेवा, निवडणुका घ्या, ही त्याची विनवणी होती. ही चित्रफीत देशभर पुनःपुन्हा दाखवली गेली.

४/
येथपर्यंत सारे खरे. यापुढे दंतकथा सुरू होते. तिची एक आवृत्ती सांगते की आठवड्याभरात बंदुका शांत झाल्या. दुसरी सांगते की याच विनवणीमुळे दोन्ही बाजू वाटाघाटींना बसल्या. दोन्ही आवृत्त्यांना इतिहासाचा अगदी प्राथमिक प्रश्न विचारावा लागतो : आधी काय घडले आणि नंतर काय?

५/
युद्ध १९ सप्टेंबर २००२ रोजी सुरू झाले. आबिजान, बुआके आणि कोरहोगो या शहरांत सैनिकांच्या एका गटाने उठाव केला. आबिजानमध्ये तो फसला, उत्तरेत टिकला. देश आडवा दुभंगला : दक्षिण राष्ट्राध्यक्ष लोरां बाग्बो यांच्याकडे, उत्तर बंडखोरांकडे. द्रोग्बाने राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळला होता ८ सप्टेंबर २००२ रोजी, म्हणजे उठावाच्या अवघे अकरा दिवस आधी.

६/
मोठ्या लढायांचा काळ मात्र तुलनेने अल्प होता. जानेवारी २००३ मध्ये फ्रान्समधील लिना-मार्कुसी येथे करार झाला. ४ जुलै २००३ रोजी दोन्ही बाजूंच्या सेनाधिकाऱ्यांनी युद्ध संपल्याची संयुक्त घोषणा केली. दोन्ही फौजांच्या मधोमध एक पट्टा आखण्यात आला आणि तेथे फ्रेंच सैन्य उभे राहिले. एप्रिल २००४ पासून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेनाही आली.

७/
या शांततेला सर्वांत मोठा तडा गेला नोव्हेंबर २००४ मध्ये. सरकारी विमानांनी उत्तरेवर बॉम्बहल्ले सुरू केले. ६ नोव्हेंबरला बुआकेतील फ्रेंच तळावर बॉम्ब पडून नऊ फ्रेंच सैनिक ठार झाले. फ्रान्सने आयव्हरी कोस्टचे हवाई दल जमिनीवरच नष्ट केले आणि आबिजानमध्ये फ्रेंचविरोधी दंगली उसळल्या. पुढे एप्रिल २००५ मध्ये प्रिटोरियात पुन्हा शस्त्रसंधीची घोषणा झाली.

८/
म्हणजे ऑक्टोबर २००५ मध्ये द्रोग्बा बोलला, तेव्हा थांबवण्याजोगी रणधुमाळी सुरूच नव्हती. देश ‘ना युद्ध, ना शांतता’ अशा अवस्थेत कुजत होता. शस्त्रे दोन्ही बाजूंच्या हाती होती, नाक्यानाक्यांवर खंडणी उकळली जात होती आणि निवडणूक पुढे ढकलली जात होती. या अवस्थेवर आवाहनाचा काय परिणाम झाला? पुढील तीन महिने पाहा.

९/
बाग्बो यांचा कार्यकाळ ३० ऑक्टोबर २००५ रोजी संपत होता. द्रोग्बाने मागितलेली निवडणूक तेव्हाच व्हायची होती. ती झाली नाही. २१ ऑक्टोबरला, म्हणजे आवाहनानंतर तेराव्या दिवशी, सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १६३३ द्वारे बाग्बो यांना आणखी एक वर्ष मान्यता दिली. जानेवारी २००६ मध्ये त्यांच्या समर्थक तरुणांनी आबिजानसह अनेक ठिकाणी संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्यांना वेढा घातला. पश्चिमेकडील गिग्लो येथून तर शांतिसैनिकांना माघार घ्यावी लागली.

१०/
शस्त्रे खाली ठेवली गेली नाहीत. निवडणुका झाल्या नाहीत. विनवणीतील दोन्ही ठोस मागण्या फेटाळल्या गेल्या. मराठीत म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. येथे तर तेवढीही गाठ नाही. कावळा २००५ मध्ये बसला आणि फांदी २००७ मध्ये तुटली.

११/
२००७ मध्ये काय घडले? ४ मार्च रोजी बुर्किना फासोच्या राजधानीत वागादुगू करार झाला. तो घडण्यामागे थंड राजकीय हिशेब होते. संयुक्त राष्ट्रांच्या नव्या ठरावाने पंतप्रधानांचे अधिकार वाढून आपले घटतील, ही बाग्बो यांची चिंता होती. म्हणून परकीय मध्यस्थांना वगळून त्यांनी बंडखोरांचे नेते गियोम सोरो यांच्याशी थेट बोलणी मांडली. सोरो यांना पंतप्रधानपद मिळाले. यजमान होते ब्लेझ कोंपाओरे. बंडखोरांना आश्रय दिल्याचा आरोप ज्यांच्यावर होत असे, तेच.

१२/
आता दंतकथेचा दुसरा खांब : बुआकेचा सामना. आफ्रिकेतील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब मिळाल्यावर द्रोग्बा तो घेऊन बंडखोरांचे मुख्यालय असलेल्या बुआकेत गेला आणि मादागास्करविरुद्धचा पात्रता सामना येथेच खेळवला जाईल, असे जाहीर झाले. ३ जून २००७ रोजी तो झाला. आयव्हरी कोस्टने ५-० असा विजय मिळवला. शहराच्या त्या मैदानाचे नावच ‘शांती स्टेडियम’ होते. सरकारी सैनिकही सामना पाहायला आले होते.

१३/
हा दिवस अविस्मरणीय होता, यात शंका नाही. पण तारखा पुन्हा वाचा : करार ४ मार्च, सामना ३ जून. सामना होऊ शकला, कारण करार आधीच झाला होता. फळाला बीज ठरवण्याचा हा प्रकार आहे. आणि फळही कच्चेच होते. २९ जून रोजी, सामन्यानंतर चार आठवडेही उलटले नसताना, त्याच बुआकेच्या विमानतळावर पंतप्रधान सोरो यांच्या विमानावर रॉकेटहल्ला झाला. सोरो बचावले, त्यांच्या सोबतचे काही जण मारले गेले.

१४/
तारखांची चूक सुधारणे सोपे आहे. खरे नुकसान दुसरीकडे होते. ‘एका खेळाडूने युद्ध थांबवले’ असे मानले की युद्ध म्हणजे निव्वळ गैरसमज ठरतो; लोक विनाकारण भांडत होते, कोणी समजावले आणि ते शहाणे झाले. आयव्हरी कोस्टचे लोक विनाकारण भांडत नव्हते. प्रश्न होता : नागरिक कोण, आणि जमीन कोणाची?

१५/
मुळे वसाहतकाळात आहेत. कोको-कॉफीच्या मळ्यांसाठी फ्रेंच सत्तेने उत्तरेकडील अपर व्होल्टातून, म्हणजे आजच्या बुर्किना फासोतून, सक्तीने मजूर आणले. १९३२ मध्ये तर ती वसाहतच मोडून तिचा मोठा भाग आयव्हरी कोस्टला जोडला गेला. १९४७ मध्ये तो पुन्हा वेगळा केला गेला. पुढे ज्यांना ‘परके’ म्हटले गेले, त्यांपैकी अनेकांचे आजे-पणजे एकेकाळी याच वसाहतीचे रहिवासी होते.

१६/
१९६० च्या स्वातंत्र्यानंतर राष्ट्राध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वानी यांचे धोरण होते : जो जमीन कसेल, त्याची ती. स्थलांतरितांच्या श्रमावर देश जगातील सर्वांत मोठा कोको उत्पादक झाला. १९८० च्या दशकात कोकोचे भाव कोसळले, कर्जे वाढली, नोकऱ्या गेल्या. भरभराटीत ज्याला ‘पाहुणा’ म्हटले जात होते, तो टंचाईत ‘घुसखोर’ ठरू लागला.

१७/
१९९३ मध्ये उफुए-ब्वानी यांचे निधन झाले. उत्तराधिकारी आंरी कोनान बेदिए यांनी ‘इव्वारिते’, म्हणजे अस्सल आयव्हरियनपण, या कल्पनेला राजकीय बळ दिले. १९९४ च्या निवडणूक कायद्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे दोन्ही पालक जन्माने आयव्हरियन असणे बंधनकारक केले. त्याचे लक्ष्य होते उत्तरेतील मुस्लिम नेते आणि माजी पंतप्रधान अलासान वातारा. २००० च्या निवडणुकीतही ते अपात्रच ठरले.

१८/
विरोधाभास असा की परदेशी रहिवाशांसाठी निवास परवाना सक्तीचा केला गेला, तो याच वातारांच्या पंतप्रधानपदाच्या काळात. १९९८ च्या कायद्याने ग्रामीण जमिनीची मालकी नागरिकांपुरती मर्यादित केली. त्याच वर्षीच्या जनगणनेत सुमारे एक चतुर्थांश रहिवासी परदेशी म्हणून नोंदले गेले होते. उत्तरेकडील आडनाव असलेल्या अस्सल नागरिकालाही पोलीस नाक्यावर ओळखपत्र फाडले जाण्याची भीती होती. बंडखोरांनी हीच चीड शस्त्रांमागे उभी केली.

१९/
म्हणूनच वागादुगू करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम छायाचित्रात मावत नाही. ते होते जन्मनोंदणीचे. ज्यांच्याकडे दाखले नव्हते, त्यांच्यासाठी फिरती न्यायालये गावोगाव गेली आणि लाखो लोकांना जन्मदाखले मिळाले. आयव्हरी कोस्टच्या शांततेला एखादा चेहरा द्यायचाच असेल, तर कडक उन्हात टेबल मांडून बसलेला तो अनाम न्यायाधीश आणि त्याचा कारकून यांचा द्यावा. त्यांच्यावर कोणी चित्रफीत काढत नाही.

२०/
आक्षेप येईल : मग प्रतीकांना काहीच अर्थ नाही का? अर्थ आहे. त्या संघात बुआकेत जन्मलेले कोलो आणि याया तुरे हे बंधू होते. द्रोग्बा स्वतः बाग्बो यांच्याच बेते समाजाचा. राष्ट्राध्यक्षांच्या समाजातील सर्वांत लोकप्रिय माणूस बंडखोरांच्या शहरात किताब घेऊन जातो, तेव्हा सलोख्याची भाषा बोलणे इतरांनाही थोडे सोपे होते. प्रतीक शक्यता दाखवते. मात्र शक्यता दाखवणे आणि कायदा बदलणे ही दोन भिन्न कामे आहेत.

२१/
शिवाय प्रतीक कोणाच्याही हाती लागते. १९९९ च्या नाताळच्या सुमारास सत्ता बळकावणारे जनरल रोबेर गेई यांनी २००० च्या आफ्रिका चषकात गटातच बाद झालेल्या राष्ट्रीय संघाला परतताच लष्करी छावणीत काही दिवस डांबून ठेवले होते. जिंकला की राष्ट्राचा अभिमान, हरला की शिस्तभंगाचा आरोपी : सत्ताधाऱ्यांच्या लेखी खेळाडूचे स्थान हे असे असते. २००७ मध्येही सामन्याच्या दिवसाचे राजकीय श्रेय लाटायला दोन्ही बाजू उत्सुक होत्या.

२२/
दंतकथेची अंतिम कसोटी २०१० मध्ये लागली. पाच वर्षे लांबलेली निवडणूक अखेर झाली. २८ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत निवडणूक आयोगाच्या निकालानुसार वातारा सुमारे ५४ टक्के मतांनी विजयी झाले. बाग्बो यांच्या बाजूच्या घटना परिषदेने उत्तरेतील सात विभागांची मते रद्द केली आणि बाग्बो यांना सुमारे ५१ टक्क्यांनी विजयी घोषित केले.

२३/
त्या सात विभागांत बुआकेही होते. साडेतीन वर्षांपूर्वी ज्या शहराने ‘शांती स्टेडियम’मध्ये पाच गोल साजरे केले, त्याचीच मते केराच्या टोपलीत गेली. नागरिक कोण, हा प्रश्न पुन्हा तोंड वासून उभा राहिला. पुढील काही महिन्यांत सुमारे ३,००० लोक मारले गेले. पश्चिमेतील दुएकुए येथे सामूहिक हत्याकांड झाले. ११ एप्रिल २०११ रोजी बाग्बो यांना अटक झाली. ‘थांबवलेले’ युद्ध अधिक रक्तरंजित होऊन परतले होते.

२४/
व्हायरल कथेत २०१०-११ कधीच नसते. असूच शकत नाही. ते आले की कथा कोसळते. म्हणून ती २००७ च्या जल्लोषावर कापली जाते आणि ३,००० मृतांना बाहेर ठेवून डोळे पाणावण्याची सोय होते. इतिहासाची ही सर्वांत वाईट तऱ्हा आहे : शेवट गोड व्हावा म्हणून कॅलेंडर फाडणे.

२५/
ही कथा कोणाला सोयीची आहे? खेळाच्या बाजारपेठेला, कारण खेळ राजकारणाहून पवित्र असल्याचा दाखला तिला हवाच असतो. पाश्चात्त्य प्रेक्षकाला, कारण कोकोचे भाव, वसाहतीच्या सीमा आणि फ्रेंच फौजा या कटू विषयांपासून त्याची सुटका होते. आणि ज्यांनी ओळखपत्रांचे राजकारण केले त्या नेत्यांना, कारण कथेत त्यांची नावेच नसतात.

२६/
आफ्रिकेबाबत हे नेहमीच होते. पेले यांच्या सांतोस संघासाठी १९६९ मध्ये नायजेरियातील बियाफ्रा युद्ध थांबल्याची कथा अशीच फिरते; ते युद्ध जानेवारी १९७० पर्यंत चालले. लायबेरियाच्या जॉर्ज वेआने १९९५ मध्ये बालों द’ऑर जिंकला. पुढच्याच वर्षी मन्रोव्हियातील त्याचे घर जाळले गेले आणि देशात शांतता यायला २००३ उजाडले. युरोपातील महायुद्ध एखाद्या आघाडीवीराने संपवले, असे कोणी म्हणत नाही. तेथे तह, अर्थकारण आणि सैन्य यांचा अभ्यास होतो. आफ्रिकेच्या वाट्याला मात्र चमत्कार येतात.

२७/
यात द्रोग्बाचा अवमान नाही; अवमान दंतकथा करते. त्याचे खरे आयुष्य अधिक वाचनीय आहे. ११ मार्च १९७८ रोजी आबिजानमध्ये जन्म. पाचव्या वर्षी फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळणाऱ्या काकांकडे, मिशेल गोबा यांच्याकडे, रवानगी. घरच्या ओढीने परत. मग आईवडिलांच्या नोकऱ्या गेल्यावर पुन्हा फ्रान्स. पुढे कुटुंबही तेथेच आले. देशाला यादवीकडे ढकलणाऱ्या मंदीच्याच काळातील हे स्थलांतर आहे.

२८/
यशही उशिरा आले. ले माँ, गँगां, मग २००३ मध्ये मार्से आणि २००४ मध्ये २ कोटी ४० लाख पौंडांत चेल्सी. पहिल्याच हंगामात चेल्सीने ५० वर्षांनी लीग जिंकली. १९ मे २०१२ रोजी म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ८८ व्या मिनिटाला त्याने हेडरने बरोबरी साधली आणि निर्णायक पेनल्टीही त्यानेच मारली. देशासाठी विक्रमी ६५ गोल. तरीही आफ्रिका चषक त्याच्या हाती कधीच आला नाही; २००६ आणि २०१२ च्या अंतिम सामन्यांत त्याच्या पेनल्टी हुकल्या. देशाने तो २०१५ मध्ये जिंकला, तेव्हा तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला होता.

२९/
२०११ च्या रक्तपातानंतर संवाद, सत्य आणि सलोखा आयोगावर त्याने सदस्यत्व स्वीकारले. त्या आयोगाने हजारो पीडितांच्या जबान्या नोंदवल्या. न्याय फार थोड्यांना मिळाला, अशी टीका त्याच्यावर झाली. २०२२ मध्ये द्रोग्बा देशाच्या फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत बाद झाला. युद्ध थांबवणारा महापुरुष म्हणून जगभर मिरवला जाणारा माणूस स्वतःच्या देशातील फुटबॉल संघटनेची निवडणूक जिंकू शकला नाही. व्यक्तीची लोकप्रियता आणि संस्थांची सत्ता यांतले अंतर याहून स्पष्ट कोठे दिसणार?

३०/
द्रोग्बाने ऑक्टोबर २००५ मध्ये केले ते एका नागरिकाचे काम होते. कोणीही ऐकेल याची हमी नसताना त्याने दोन रास्त मागण्या जाहीरपणे मांडल्या. सत्ताधाऱ्यांनी त्या मानल्या नाहीत. ‘त्याने युद्ध थांबवले’ असे म्हणणे म्हणजे त्याचे ऐकले गेले असे म्हणणे, आणि ज्यांनी ऐकले नाही त्यांना निर्दोष सोडणे. हे छायाचित्र पुन्हा समोर येईल तेव्हा त्याखाली चार तारखा लिहाव्यात : ८ ऑक्टोबर २००५, ४ मार्च २००७, ३ जून २००७, २८ नोव्हेंबर २०१०. चौथी तारीख गाळू नये.

(थ्रेड समाप्त)